फोटो टिकवायची खटपट, नोंद तिसरी: गंधक, नीळ डाग अन् पेरॉक्साईडची बरणी

गेल्या दिवाळीआधी बैठकीच्या दारं-खिडक्या ऑइल पेंटनं रंगवल्या. दाराच्या बाजूलाच आजोबांचा पोळ्याचा फोटो टांगलेला होता, जुन्या आग्फा क्लिक थ्रीवरची १२० ची निगेटिव्ह, प्रिंट मीच काढलेला, आरसी पेपरवर (म्हणजे दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर दिलेला फोटो-कागद), काचेच्या फ्रेममधी. होळीपर्यंत त्यातल्या बैलाच्या पाठीवर नारिंगी झाक आली अन् काळ्या भागाकडं तिरपं पाह्यलं की कल्हई केल्यासारखी चमक दिसे. मला वाटलं ओल आली, भिंत तपासली तर भिंत ठणठणीत. दोष निघाला रंगाचा. ताजा ऑइल पेंट वाळताना हवेत पेरॉक्साईड सोडतो, ते फोटोतल्या चांदीच्या बारीक कणांना खातात, चांदी आयन होऊन तिला धरून ठेवणाऱ्या जिलेटिनच्या थरातून सरकते अन् वर येऊन परत चांदी होऊन बसते, तीच ती चमक. त्यात आरसी पेपरच्या प्लास्टिक थरात टायटॅनियम डायऑक्साईड असतं, ते उजेडात अशा कामाला अजून हातभार लावतं, अन् काचेमागं सगळं कोंडून राहतं. म्हणजे फोटो मी नुसता टांगला नव्हता, शिजायला ठेवला होता.

तवापासून ठरवलं की जे प्रिंट भिंतीवर जातील ते फायबर पेपरवर (प्लास्टिक नसलेल्या साध्या फोटो-कागदावर), अन् टोनिंग, म्हणजे फोटोतल्या चांदीचं रसायनानं टिकाऊ रूप, केल्याशिवाय एकही जाणार नाही.

टोनिंगचं तत्त्व आईला जोडव्यांवरून समजावलं. चांदीचे जोडवे घालून घालून काळे पडतात, तो काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाईड. आता चांदी पूर्णच सल्फाईड होऊन गेली तर हवेतला गंधक तिचं अजून काय काळं करणार? अन् पेरॉक्साईडलाही ती सहजी दाद देत नाही. सेपिया टोनिंग म्हणजे फोटोला मुद्दाम, आपल्या हातानं, सारखा काळा, म्हणजे तपकिरी, पाडून ठेवायचं. सोनं वापरलं तर चांदीवर सोनं चढतं, तेही उत्तम, पण गोल्ड क्लोराईडचा भाव विचारून मी गुपचूप घरी आलो.

आता टोनिंगच्या आधीचं, कारण खरी भानगड तिथंच झाली. पहिल्या खेपेला सहा प्रिंट सेपिया केले, ब्लीच मस्त, टोन मस्त, अन् वाळल्यावर पाहतो तर आजोबांचं पांढरं धोतर पिवळं! सगळ्या फोटोभर नाही, धोतरावर, आभाळावर, अन् कडेच्या पांढऱ्या पट्टीवर. मी दोन दिवस टोनरला शिव्या घातल्या. टोनर बिचारा बरोबर होता. माझा फिक्सर, म्हणजे चित्रात न लागलेलं चांदीचं क्षार (सिल्व्हर हॅलाईड) काढून टाकणारं द्रावण, थकलेला होता, पेपरमधी त्या हॅलाईडचं उरलंसुरलं तसंच होतं, सल्फाईडनं त्यालाही पकडलं अन् पांढऱ्यातच सिल्व्हर सल्फाईड तयार झालं. टोनिंग म्हणजे फिक्सिंगची परीक्षाच आहे, अन् मी नापास.

म्हणून आता फिक्सर दोन ट्रेमधी. पहिल्यात अर्धा वेळ, दुसऱ्यात अर्धा, पहिला थकला की टाकायचा अन् दुसऱ्याला त्याच्या जागी आणायचा. रॅपिड फिक्सरच्या एका लिटरमधून आठ बाय दहा इंचांचे ४० फायबर प्रिंट निघतात असं धरतात, पण जास्त वर्षं टिकवायचे असतील तर १० च धरा, हा हिशेब फोटोचा कागद-रसायनं बनवणाऱ्या इलफर्ड कंपनीच्याच माहितीत आहे अन् मी तो वहीत लाल पेननं लिहून ठेवला. शिवाय दर खेपेला एक तुकडा बळी देतो, वाळलेल्या कडेवर सोडियम सल्फाईडच्या एकदम पातळ द्रावणाचा एक थेंब, तीन मिनिटं थांबून टिपून घ्यायचा. मलईइतका रंग आला तर चालतं, त्यापुढं गेला तर परत फिक्सरमधी.

धुण्याचं आमच्याकडं अवघडच. नळ दिवसाआड, म्हणून वाहतं पाणी वगैरे विसरा. सोडियम सल्फाईट लिटरला २० ग्रॅम घालून त्यात १० मिनिटं, त्याच्या आधी अन् नंतर बादलीत पाणी बदलत धुणं, नंतरच्याला सहा पाणी, दर पाण्यात १० मिनिटं. सल्फाईट हायपोला, म्हणजे फिक्सरच्या रसायनाला, पेपरच्या धाग्यातून बाहेर ढकलतं, मीठाचं पाणीही हेच काम करतं, खारं समुद्राचं पाणी हायपो लवकर काढतं हे जुन्या लोकांना माहीत होतं, फक्त मग ते मीठ साध्या पाण्यानं काढावं लागतं. बोअरचं जड पाणी धुवायला वाईट नाही, पण वाळताना पांढरे ठिपके सोडतं म्हणून शेवटचं पाणी पावसाचं, ड्रममधी जमा केलेलं, फडक्यानं गाळून.

अन् मग आला मे. नळाचं पाणी दुपारी ३५ च्या वर, जिलेटिन त्यात असं फुगतं की बोट लागलं तरी साल निघावी. मागच्या वर्षी मी फिक्सरमधी तुरटी घातली होती, सगळे म्हणतात घाला म्हणून घातली, जिलेटिन कडक झालं खरं पण टोनर ठिकठिकाणी ठिगळासारखा चढला अन् हायपो धुऊन निघेना. यंदा तुरटी बंद. यंदा रांजण. ओसरीत दोन रांजण, ओल्या पोत्यात गुंडाळलेले, रात्री भरून ठेवायचे अन् पहाटे चारला उठून काम, रांजणातलं पाणी थर्मामीटरला २५ दाखवतं. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात रांजण जेवढा काम करतो तेवढं कोकणातल्या भावांचा करणार नाही, एवढ्यापुरतं तरी वैदर्भीय असल्याचं सुख.

सेपियाची कृती आता जमली ती सांगतो. ब्लीच, लिटरला ३० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाईड अन् १२ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाईड. फोटो त्यात टाकला की आधी आभाळ उडतं, मग मधले राखाडी, काळे सगळ्यात शेवटी. पाहताना पोटात गोळा येतो, चेहरा डोळ्यासमोर विरत जातो अन् फक्त मिशीची अन् टोपीच्या सावलीची पुसट रेघ राहते. भिऊ नका, चांदी गेली नाही, ती ब्रोमाईड होऊन तिथंच बसली आहे. मग पाणी पिवळं येईनासं होईस्तोवर धुवायचं अन् टोनरमधी टाकायचं, दहा-पंधरा सेकंदात आजोबा तपकिरी होऊन परत येतात.

आधी टोनर सोडियम सल्फाईडचा होता. वास! गोठ्यात केलं तरी आई स्वैपाकघरातून ओरडली, "काहून रे, अंडे सडवून राह्यला का? घरात माळ आहे ना आपल्या!" काकांचं वेगळंच, "मी मिरचीवर गंधक मारतो तं भुरी जाते, तू फोटोवर मारून राह्यला, त्याले कोणती भुरी लागली बे?" वासाचं सोडा, ती वाफ विषारी असते अन् बंद खोलीत न वापरलेल्या पेपरलाही धुकट करते. म्हणून आता थायोयुरिया, १० टक्के द्रावण, सोबत १० टक्के कॉस्टिक सोडा, वापरताना दोन्ही पाण्यात घालायचे. सोडा जास्त घातला की तपकिरी गार अन् गडद, कमी घातला की पिवळसर. वास नाही. हातमोजे मात्र पाहिजेच, थायोयुरिया साधं नाही. अन् फेरीसायनाईड किंवा सल्फाईड, दोघांजवळही ॲसिड आणू नका, स्टॉप बाथचा, म्हणजे डेव्हलपिंग थांबवणाऱ्या ॲसिडच्या पाण्याचा, ट्रे न धुता त्यात हे ओतू नका.

एक भानगड अजून. ब्लीचनंतर दोन प्रिंटवर निळीचे ठिपके पडले, कपड्याला नीळ लावताना शिंतोडे उडावेत तसे. कारण? मोठी ट्रे नव्हती म्हणून टवका गेलेलं इनॅमलचं ताट घेतलं, आतून गंज. लोखंड अन् फेरीसायनाईड भेटले की निळा रंग तयार होतोच. टाकीच्या जुन्या पाइपातून गंज आला तरी हेच होईल. आता ट्रे फक्त प्लास्टिकच्या, त्या कामाच्याच, अन् नळाला चार पदरी फडकं.

सेलेनियम टोनरबद्दल विचारतात. मी एक बाटली संपवली, काळे भाग काय खोल येतात बाप्पा, डोळे निवतात. पण दोन अडचणी. एक, पातळ सेलेनियम आधी गडद भाग धरतो, उजळ भाग उघडेच राहतात, अन् हवा सगळ्यात आधी उजळ भागच खाते. अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या, फोटो टिकण्याचा अभ्यास करणाऱ्या, इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटनं मायक्रोफिल्मवर हेच दाखवलं, की राखण्याचं काम सल्फाईड जास्त नीट करतं. उपाय आहे, उजळ भाग आधी अर्धवट सेपिया करायचे अन् मग सेलेनियम, दोघं मिळून सगळा फोटो झाकतात. दुसरी अडचण मोठी. आमची विहीर घरापासून वीस पावलं, अन् गाय त्याच अंगणात बांधलेली. सेलेनियमचं सांडपाणी कुठं ओतू? बाटली संपली, दुसरी मागवली नाही. वापरलेला फिक्सरही ओतत नाही, बादलीत लोखंडी तारेची घासणी टाकून ठेवतो, चांदी तिच्यावर काळ्या गाळासारखी बसते, तो गाळ डब्यात.

आता बरणीचं. लोणच्याची जुनी काचेची बरणी, तळाशी मेडिकलमधून आणलेल्या ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडमधी भिजवलेला कापूस, वर दोऱ्यानं टांगलेल्या एकाच प्रिंटच्या चार पट्ट्या, झाकण घट्ट. पट्ट्या अशा: नुसती, सेलेनियम, सेपिया, दोन्ही. दर दोन दिवसांनी कापूस बदलला.

चौथ्या दिवशी नुसत्या पट्टीवरच्या बैलाच्या अंगातला फिका राखाडी गेरूकडं झुकला. आठव्या दिवशी तिच्या काळ्यावर चमक, अगदी तीच, बैठकीतल्या फोटोसारखी, मला हसू आलं अन् रागही. सेलेनियमच्या पट्टीत काळे जसेच्या तसे पण आभाळाकडं हलका पिवळा. सेपियाची अन् दोन्हीची पट्टी आज सतरावा दिवस, न टांगलेल्या तुकड्याशेजारी ठेवून खिडकीत पाह्यली, मला फरक दिसत नाही, बायकोलाही नाही, अन् तिची नजर साडीच्या रंगात माझ्यापेक्षा पक्की.

पोळ्याच्या निगेटिव्हचा नवा प्रिंट फायबरवर काढून सेपिया करून गादीखाली सपाट करायला ठेवलाय. धोतर पांढरं आहे. दारं यंदा परत रंगवायची म्हणतात बाबा, म्हटलं रंगवा, फक्त फोटो महिनाभर कपाटात राहील. जुना आरसी प्रिंट मात्र त्याच खिळ्यावर राहू देणार, अजून किती चमकतो ते पाहायचंय.