अवघड प्रश्न

"मणका तेवढा मोकळा करून द्या," आज पेशंट आल्या आल्या म्हणाला. आठवडाभर कंबरदुखी, कळ आधी एका पायात, परवापासून दोन्ही पायांत. इथेच माझा हात थांबला. "जरा खासगी विचारतो, चालेल ना? का विचारतोय तेही सांगतो." लघवी सुरू व्हायला वेळ लागतो? धुताना तिथली जागा बधिर वाटते? तो ओशाळला, मग हळूच हो म्हणाला. कॉडा इक्विना, म्हणजे मणक्याच्या तळाशी असलेली नसांची जुडी दबल्याची शंका. पायांची ताकद, संवेदना तपासली, तीही विचारूनच. मणक्याला हात लावला नाही. चिठ्ठी देऊन थेट इमर्जन्सीला पाठवलं, एमआरआय आजच हवा म्हणून. (बहुतेक कंबरदुखी साधीच निघते, म्हणून तर हे प्रश्न राहून जातात.) अजून फोन आलेला नाही.