येस मॅडम!

आज नौपाड्यात आजोबांकडे गेलो होतो. त्यांची धाकटी बहीण, आमची ताईआजी, तिथेच होती. १९७१च्या युद्धात आजोबा पायदळात नाईक हुद्द्यावर, पूर्व आघाडीवर. ताईआजी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट, म्हणजे ऑफिसर. म्हणजे थोरल्याने धाकटीला सॅल्यूट ठोकायचा! (घरात राखीला पाया कोण पडायचं, देव जाणे.)

आजोबांच्या पत्रावर गावाचं नाव नसायचं, नुसता एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) नंबर. वॉर्डात नवे जखमी आले की ती आधी चेहरे बघायची. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, पण आजोबांचं पत्र जानेवारीत पोचलं. त्यात काय? ‘लोणचं संपलं.’

पुढे आजोबा बँकेत वॉचमन, ती मेजर होऊन रिटायर.

निघताना ती ओरडली, “दादा, शुगरची गोळी?”

“येस मॅडम!”