यादी नको, कागद दाखवा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न दरवेळी जवळपास हाच असतो : "भांडवलशाहीवर टीका करणारं, लोकशाही कशी पोखरली जाते ते सांगणारं काहीतरी वाचायचंय. सुरुवात कुठून करू? आणि पुस्तकच हवं का, व्हिडिओ चालेल?" विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये बहुतेक वेळा कुणीतरी फॉरवर्ड केलेली लांबलचक यादी आधीच असते आणि तिच्यात सगळ्यात वर मार्क्सचं 'कॅपिटल' असतं. यादी खुशाल पुसून टाका. 'कॅपिटल' राहू द्या, फक्त पहिल्या पानापासून वाचू नका.

हा सल्ला माझा नाही, खुद्द मार्क्सचा आहे. पहिला खंड १८६७च्या सप्टेंबरात निघाला आणि नोव्हेंबरात त्याने आपल्या डॉक्टर मित्राला, कुगेलमानला, पत्रातून कळवलं की तुझ्या बायकोला आधी कामाच्या दिवसावरचं प्रकरण आणि तशी आणखी दोन-तीन वाचायला सांग, ती सहज वाचता येतील. सुरुवातीच्या प्रकरणांत मूल्य, विनिमय वगैरेंचा जो काथ्याकूट आहे, त्यात भल्याभल्यांनी हात टेकलेत. इंग्रजी आवृत्तीत कामाच्या दिवसाचं हे प्रकरण दहावं आहे. तिथून शिरा.

तिथे मेरी अॅन वॉक्ली भेटते. वय वर्षं वीस. लंडनमधल्या एका नामांकित शिवणघरात ती कपडे शिवायची. १८६३चा हंगाम. युवराजांचं नुकतंच लग्न झालेलं, नव्या सूनबाईंच्या सन्मानार्थ नाचाचा मोठा समारंभ ठरलेला आणि बड्या घरच्या बायकांचे पोशाख वेळेत हवे होते. मेरी अॅन साठ मुलींबरोबर सलग साडेसव्वीस तास शिवत बसली. एकेका खोलीत तीस जणी, आणि तेवढ्यांना लागणाऱ्या हवेच्या जेमतेम एक तृतीयांश हवा. शुक्रवारी ती आजारी पडली, रविवारी गेली. मार्क्सची एक खोच इथे दिसते. मालकीणबाईंना धक्का बसला तो हातातलं काम पुरं न करताच पोरगी मेली याचा, असं तो लिहितो.

ही हकिकत त्याच्या मनची नाही, लंडनच्या वर्तमानपत्रांत ती छापून आली होती. आणि प्रकरणाचा बराच मोठा भाग तर सरकारी कारखाना निरीक्षकांच्या अहवालांवर उभा आहे. हे निरीक्षक नेमले १८३३च्या कायद्याने, म्हणजे ज्या पार्लमेंटसाठी साध्या कामगाराला मत देता येत नव्हतं तिनेच. (शहरी कामगारांपैकी बऱ्याच पुरुषांना मत मिळालं ते १८६७ साली, ज्या वर्षी हे पुस्तक आलं त्याच वर्षी. बायकांना आणखी बरीच वाट पाहावी लागली.) भांडवलशाहीची सगळ्यात जहाल चिकित्सा सरकारी दप्तरातून उभी राहिली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कुणाला तरी कारखान्यात शिरून पाहण्याचा अधिकार होता, पाहिलेलं लिहायची सक्ती होती आणि लिहिलेलं छापलं जात होतं. हे तिन्ही नसतं तर मार्क्स लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून काय वाचणार होता?

म्हणून माझी चाळणी एकच आहे. पुस्तक असो की व्हिडिओ, तो मला कागद दाखवतो का? अहवाल, नोंद, ताळेबंद, साक्ष, काहीही. कुणाचा राग करायचा ते सांगणारे पुष्कळ आहेत.

"पण भांडवलशाही आणि लोकशाही हे दोन विषय एकत्र का?" हा पुढचा प्रश्न. त्याला मी एका बैठकीचं उदाहरण देते. २० फेब्रुवारी १९३३, बर्लिन. हिटलरचा उजवा हात असलेल्या गोअरिंगच्या सरकारी निवासस्थानी जर्मनीतले वीस-पंचवीस बडे उद्योगपती जमले होते. हिटलर चॅन्सेलर होऊन महिनाही झाला नव्हता. त्याने सांगितलं की लोकशाहीच्या युगात खासगी उद्योग टिकणं शक्य नाही. गोअरिंग म्हणाला की येत्या मार्चमधली निवडणूक पुढच्या दहा वर्षांतली, बहुधा शंभर वर्षांतली, शेवटचीच असेल. मग निवडणूक निधीचा विषय निघाला आणि तीस लाख मार्कांची तजवीज झाली. हेही कपोलकल्पित नाही : बैठकीतल्या भाषणांची नोंद युद्धानंतर न्युरेंबर्गच्या खटल्यात पुराव्यात आली. उद्योगपतींनीच हिटलरला सत्तेवर बसवलं, असा सोपा अर्थ मात्र यातून काढू नका. तो सत्तेवर आलेला होताच. निवडणुका बंद होणार हे तोंडावर ऐकूनही पैसे निघाले, एवढंच यातून दिसतं. माझ्या मते तेवढं पुरेसं आहे.

याच काळाने दोन माणसांना कामाला लावलं. कार्ल पोलान्यी आणि फ्रीडरिख हायेक, दोघेही अर्थव्यवस्थेवर लिहिणारे विचारवंत. दोघांचाही जन्म व्हिएन्नाचा, दोघांनीही १९३०च्या दशकात इंग्लंड गाठलं, आणि दोघांचीही मोठी पुस्तकं १९४४ साली आली. प्रश्न एकच : युरोपात हे झालं कसं? उत्तरं मात्र दोन टोकांची. 'द ग्रेट ट्रान्सफॉर्मेशन'मध्ये पोलान्यी म्हणतो की जमीन, माणसाचे श्रम आणि पैसा या तीन गोष्टी विकायला म्हणून तयार झालेल्या नव्हत्याच. त्यांना बाजारातला माल मानलं की समाज उसवतो, मग समाज स्वतःला वाचवायला धडपडतो आणि ती धडपड कुठल्याही वळणावर जाऊ शकते, फॅसिझमच्याही. 'द रोड टू सर्फडम'मध्ये हायेक म्हणतो की सरकारने अर्थव्यवस्था हातात घेतली की हेतू कितीही चांगला असो, सत्ता एका जागी साचते आणि स्वातंत्र्य जातं. दोन्ही वाचा, एकापाठोपाठ एक. माझं माप पोलान्यीच्या पारड्यात आहे, लपवत नाही. पण हायेक वाचल्याशिवाय पोलान्यी कुणाशी भांडतोय हेच कळत नाही. शिवाय एकाच बाजूची दहा पुस्तकं वाचलेल्या माणसाशी गप्पा मारणं ही शिक्षा असते.

व्हिडिओवर खाली येऊ, पण जाता जाता एक गंमत. हायेकचं पुस्तक लोकांपर्यंत गेलं ते मूळ ग्रंथाच्या जोरावर कमी. १९४५मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'ने त्याचा संक्षेप छापला, 'लुक' मासिकाने चित्रकथा केली आणि जनरल मोटर्सने त्या चित्रकथेची पुस्तिका काढून वाटली. पाच मिनिटांत सिद्धांत समजावणारे व्हिडिओ आत्ताचे, पण ते कोणाच्या खर्चाने फिरतात हा प्रश्न तेव्हाचाच आहे.

लोकशाहीवरची अलीकडची पुस्तकं थोडक्यात आटपते. लेव्हित्स्की आणि झिब्लाट यांचं २०१८चं 'हाऊ डेमॉक्रसीज डाय' जरूर वाचा. आता लोकशाही रणगाड्यांनी कमी आणि निवडून आलेल्यांच्या हातून जास्त मरते, हे त्यात छान उलगडलंय. विरोधकाला शत्रू न मानणं आणि हातातला अधिकार शेवटच्या थेंबापर्यंत न पिळणं, या दोन अलिखित पथ्यांवर त्यांचा भर आहे. माझी तक्रार अशी की नेत्यांच्या संयमाबद्दल ते जितकं बोलतात तितकं पैशाबद्दल बोलत नाहीत. पैशासाठी थॉमस पिकेटी या फ्रेंच अर्थतज्ज्ञाच्या 'कॅपिटल इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी'कडे जा. ग्रंथ अवाढव्य आहे, प्रस्तावना वाचली तरी मुद्दा हाताशी लागतो : भांडवलावरचा परतावा अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा दीर्घकाळ जास्त राहिला, तर वारसा कष्टांना मागे टाकतो.

आता व्हिडिओ. चालेल, नक्की चालेल. काही गोष्टी पुस्तकाला जमतच नाहीत. २००८च्या आर्थिक संकटावरचा 'इनसाइड जॉब' हा माहितीपट पाहा. त्यात फ्रेडरिक मिश्किन हे कोलंबिया विद्यापीठाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नर मंडळाचे माजी सदस्य. २००६मध्ये त्यांनी आइसलँडच्या आर्थिक स्थैर्यावर अहवाल सहलेखक म्हणून लिहिला होता. तिथल्या व्यापारी संघटनेने त्यासाठी त्यांना १,२४,००० डॉलर दिले. २००८मध्ये त्या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. दिग्दर्शक त्यांना विचारतो की तुमच्या बायोडेटात या अहवालाच्या नावात 'स्थैर्य'च्या जागी 'अस्थैर्य' कसं आलं? पुढचे काही क्षण त्यांचा चेहरा पाहा. टायपिंगची चूक असेल, असं उत्तर येतं. तो अडखळणारा आवाज छापील पानावर येणं नाही. आणि इथेही कागदच आहे, एक बायोडेटा.

याउलट 'द सेंच्युरी ऑफ द सेल्फ'. अॅडम कर्टिसची चार भागांची मालिका, जनसंपर्काच्या धंद्याचा पाया घालणाऱ्या एडवर्ड बर्नेजवर बरीच बेतलेली. हा बर्नेज फ्रॉइडचा भाचा. मालिका पाहताना खिळून बसाल. पण जुनी दृश्यं, वर संगीत आणि ठाम आवाजातलं निवेदन, या तिघांच्या संगतीत दोन घटना एकापुढे एक ठेवल्या की पहिलीमुळेच दुसरी घडली असं वाटायला लागतं. ती पाहा, आवडून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला पटवून द्यायला बसण्याआधी एखादा दुवा तरी तपासा.

मार्क्सच्या 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडावर डेव्हिड हार्वे या मार्क्सवादी अभ्यासकाची तेरा व्याख्यानं मोफत उपलब्ध आहेत. दहावं प्रकरण संपवून मागे फिरलात की तीच सोबतीला घ्या.

आणि "एवढा वेळ कुणाला आहे हो?" असं म्हणणारे असतातच. त्यांच्यासाठी बाबासाहेबांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९चं भाषण आहे. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतोय, ती लवकर दूर केली नाही तर विषमता सोसणारेच या लोकशाहीचा डोलारा उडवून देतील, हे त्यात स्वच्छ सांगितलंय. सभेच्या छापील कामकाजात ते शब्दशः आहे. एका बैठकीत वाचून होतं. ते अजून वाचलं नसेल तर मला यादी नंतर विचारा.