डियाव्हेलचं मागचं टायर बदलताना

माझ्या डुकाटी डियाव्हेल मोटरसायकलच्या मागच्या टायरचं माप २४०/४५ झेडआर १७, म्हणजे रुंदी २४० मिलिमीटर. दिसायला रुबाबदार, पण बदलायची वेळ आली की पंचाईत, कारण या मापात पर्याय हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. १९० किंवा २०० बसवून बघ, गाडी चपळ होईल, असं सुचवणारे भेटतात. मी त्या वाटेला जात नाही. रुंद रिमवर अरुंद टायर ताणला जातो आणि त्याची गोलाई सपाट होते.

आधीचं टायर कडांना अजून कोवळं होतं, मधोमध मात्र सपाट झालेलं. हायवेवर सरळ पळवलं आणि सव्वाशे न्यूटन-मीटरच्या आसपासचा टॉर्क मागच्या चाकावर ओतला की हे व्हायचंच. अशा टायरवर वळणात झुकताना गाडी आधी अडते, मग एकदम पडल्यासारखी आत जाते.

शेवटी प्रश्न उरला पिरेलीच्या दोन टायरांचा: रोसो थ्री की एंजल जीटी. रोसोची पकड जास्त, पण ट्रॅकवर मी जातच नाही. पावसात आणि लांब पल्ल्याला एंजल बरं. तेच घेतलं, पुढचंही त्याच जातीचं.

बसवण्याआधी टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचले, टायर कधी बनलं ते कळतं: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानदाराला हे आवडत नाही, नसू दे. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतं त्याचा आकडा, तोही बघा. ८२ म्हणजे ४७५ किलो. आणि नवं टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतं, तोवर थ्रॉटल जपून.