पीडीवाल्यांचे पाय सुजले तर आधी मीठ बघा

आमचे अप्पा घरीच पीडी करतात, म्हणजे पोटातनं डायलिसिस, बॅगेतलं साखरेचं पाणी नळीनं पोटात भरायचं आणि काही तासांनी काढायचं. खानापूरकडचं गाव आमचं, पावसाळ्यात लाईटीचा काय भरवसा नसतोय, म्हणून मशीनच्या नादाला न लागता हातानंच बॅगा बदलतो, दिवसाला चार, दोन-दोन लिटरच्या. ओळखीतले पेशंटवाले भेटले की एकच विचारतात, पाणी किती द्यायचं ओ?

सगळ्यांना चालेल असा आकडा नसतोय. लघवी अजून किती होते आणि बॅगांतनं आत घातल्यापेक्षा जास्त किती बाहेर आलं, हे वहीत लिहून दाखवलं की डॉक्टर त्यावरनं सांगतात. नव्या बॅगेत नळी धुण्यासाठी दोन लिटरपेक्षा थोडं जास्तच भरलेलं असतंय, तेवढं हिशेबात धरा. वजन रोज सकाळी, पोटातलं पाणी काढल्यावरच, नाहीतर दोन किलो फुकटचे दिसणार. आणि एका दिवसात किलोभर वाढलं तर अप्पा म्हणतात तसं "कालचं जेवण अंगी लागलं" नव्हे, ते लिटरभर पाणीच.

पण पाणी मोजण्यापेक्षा मीठ मोजा असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा चमचा जेमतेम. आमच्याकडं ताटात ठेचा, लोणचं, पापड, सांडगी मिरची, वर ताकातपण मीठ, मग तहान लागणारच की, आणि तहानलेल्या म्हाताऱ्या माणसाला पिऊ नका म्हणत बसणं म्हणजे छळ आहे नुसता. सैंधव चालतंय म्हणणारेपण भेटतात, तेपण मीठच ओ!

दुसरं म्हणजे लग्नात जेवून यायचं आणि रात्री कडक बॅग लावायची ही युक्ती. पिवळी बॅग १.५ टक्के साखरेची, हिरवी २.५, लाल ४.२५, जेवढी साखर जास्त तेवढं पाणी जास्त ओढते खरं, पण त्यातली बरीच साखर रक्तात जाते, डायबेटिसवाल्यांची शुगर चढते, परत तहान, आणि सारखी लाल लावून वर्षं गेली की पोटातला पडदाच खराब होतोय. रात्रभर ठेवायच्या बॅगेत तर साखर शोषली गेली की पाणी उलटं अंगात मुरायला लागतंय, म्हणून काहींना आयकोडेक्स्ट्रिनची, म्हणजे साध्या साखरेऐवजी हळू शोषल्या जाणाऱ्या पदार्थाची, बॅग देतात. ती चालू असेल तर ग्लुकोमीटर कुठला वापरायचा ते विचारून घ्या, काही मीटर शुगर खोटीच जास्त दाखवतात आणि त्यावर इन्सुलिन दिलं तर जिवावर बेतू शकतं.

उलटपण होतंय हां. उभं राहिलं की चक्कर, पायात गोळे, बीपी खाली, म्हणजे पाणी जास्तच काढलं गेलंय, डॉक्टरांना फोन करा.

निचरा एकदम कमी झाला तर आधी नळी कुठं मुडपली काय बघा आणि पोट साफ होतंय का विचारा, बद्धकोष्ठानं पाणी अडतंय. निघालेलं पाणी गढूळ दिसलं तर मात्र वजन-बिजन राहू दे, ती बॅग फेकू नका, घेऊनच त्याच दिवशी दवाखाना गाठा.