चार किलो गवती चहा, आठ मिली तेल

येळ्ळूरच्या बासमतीचा वास माणसांना आवडतो तसा सोंड्यांनाही आवडत असावा. गेल्या पावसाळ्यात पिंपातला तांदूळ परातीत ओतला तर तो चालायलाच लागला. आई म्हणाली, "बोरिक पावडर लाव." बांधावर गवती चहा माजला होता. म्हटलं, त्याचं तेल काढून बघू.

कृती ऐकायला सोपी. वाफ पाल्यातून जाताना तेल उचलून नेते, गार केली की पाणी खाली बसतं आणि तेल वर तरंगतं. जुन्या कुकरची शिट्टी काढून तिथे फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी बसवली, तिचं वेटोळं गार पाण्याच्या बादलीत. पहिल्या खेपेला पाला कोंबून भरला. तो फुगून नळीच्या तोंडाशी आला, थेंब पडायचे थांबले आणि कुकर घुमायला लागला. गॅस बंद करून मी अंगणात पळालो. पुढच्या वेळी पाला बारीक चिरला, पाण्याच्या वर चाळणीत ठेवला आणि कुकर अर्धाच भरला. पाच खेपांत चार किलो पाला संपला. वर तरंगलेलं पिवळसर तेल इंजेक्शनच्या सिरिंजने ओढून घेतलं, तर भरलं आठ मिली. "सिलिंडरचा हिशोब केलास काय?" बायकोने विचारलं. नव्हता केला.

आधी वांग्यावरच्या मावा किडीवर मारलं. तेल नुसतंच पाण्यात ढवळलं होतं आणि वर भर दुपार. ते ठिपक्यांनी एकेका पानावर बसलं, पानं इस्त्री लागल्यासारखी करपली. दुसऱ्यांदा दोन मिली तेल आधी साबणाच्या पाण्यात घोटलं, मग लिटरभर पाणी घालून संध्याकाळी फवारलं. मावा गळाला, पण तीन-चार दिवसांत नवा हजर. या तेलात मुख्य असतं ते सिट्राल, आणि ते उडून जातं. म्हणून मागे विष राहत नाही, आणि म्हणूनच रानात त्याचा जोरही टिकत नाही.

बंद पिंपात मात्र त्याला उडून जायला जागा नसते. वीसेक थेंब कापसावर टाकून पुरचुंडी झाकणाला आतून टांगली. दुसऱ्या दिवशी सोंडे पाय वर करून पडलेले. गल्लीत चार जणांना नेऊन दाखवले. महिनाभराने पुन्हा तेच! सोंड्याची मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते, त्यामुळे आतली अळी वाचलेली. पुरचुंडी पुन्हा टांगली.

तरी एक घोटाळा झालाच. भात शिजला आणि आईने ताट सरकवलं. "हा भात आहे की काढा?" बासमतीचा सगळा वास गेला होता.

आता तेल कोंबड्यांच्या कण्यांच्या डब्यात. खायच्या तांदळात निर्गुडीचा वाळलेला पाला, आजी कणगीत घालायची तसा. रोप लावायला येणारी कन्नड मावशी त्याला लक्की म्हणते. वास त्यालाही आहेच, आणि तोही तेलाचाच, पण तांदूळ धुतला की जातो.

बाटलीत थोडं उरलंय. सिट्राल जंतूंचं आवरण फोडतं असं मी एकदा बोललो, तेव्हापासून आई फरशी पुसायच्या बादलीत चार थेंब टाकते. एवढ्याने वासच येणार, पण ते मी तिला सांगितलेलं नाही.