केमोनंतर हरवलेले शब्द

उळ्ळागड्डी, म्हणजे कन्नडात कांदा. हा एक शब्द आठवला नाही तिथनं माझ्या लक्षात आलं. आमच्या बेळगावजवळच्या खानापुरात बाजाराला भाजी घेऊन येणाऱ्या बऱ्याच बायका कन्नड बोलणाऱ्या, आणि आपण मराठीतनं कन्नडात कधी जातो ते आपल्यालाच कळत नाही, पण कॅन्सरच्या चौथ्या केमोनंतर एकदा मी त्या बाईसमोर उभी राहिले आणि तोंडात शब्दच येईना. कांदा पण आठवेना. शेवटी बोट दाखवलं. ती म्हणाली, काय झालं अक्का, आणि मी घरी येऊन रडले. केस गेले तेव्हा एवढी रडले नव्हते.

मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं. ब्लाऊजचं माप टेपवर बघायचं आणि वहीपर्यंत जाईस्तोवर विसरायचं, मी वीस वर्षं शिवणकाम करतेय हो. एका डॉक्टरना सांगितलं तर म्हणाले टेन्शन घेऊ नका, वयाने होतं असं. माझं वय ४६. नंतर बेळगावला केमो देणाऱ्या एका सिस्टरने सांगितलं, याला केमो ब्रेन म्हणतात, बऱ्याच जणींना होतं. एवढं ऐकूनच निम्मं ओझं उतरलं.

मग भाच्याला शोधायला लावलं. अमेरिकेत २०१७ साली छापलेल्या एका अभ्यासात ब्रेस्ट कॅन्सरच्या ५८१ बायका होत्या आणि ३६४ निरोगी बायका, केमो संपेपर्यंत पेशंटमधल्या ४५ टक्के जणींनी डोकं चालण्यात ठळक फरक पडल्याचं सांगितलं, निरोगी बायकांत तेच १० टक्के. म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ नाहीत.

आता डोक्याच्या ट्रेनिंगचं. कॉम्प्युटरवर खेळासारखे व्यायाम असतात, चित्रं लक्षात ठेवा, पटकन ओळखा, नियम बदलला की तुम्हीपण बदला. २०१३ च्या एका छोट्या अभ्यासात ४१ बायका होत्या, त्यातल्या ट्रेनिंग घेणाऱ्यांना १२ आठवड्यांत ४८ सेशन, आणि त्यांचा वेग, शब्द आठवणं सुधारलं. पण २०१७ च्याच दुसऱ्या मोठ्या अभ्यासात, २४२ पेशंट, १५ आठवडे, लोकांना स्वतःला बरं वाटलं, टेस्टमधे मात्र तेवढा फरक दिसला नाही. मला वाटतं दोन्ही खरं धरून चालावं. करून बघावं, पण कोणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नये.

आणि आधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२ तपासून घ्या, झोप लागत नसेल, मन सारखं खचत असेल तर तेही सांगा, त्यानेही डोकं जड होतं आणि त्यावर उपाय आहेत. माझं हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं होतं.

मी मोबाईलवरचा खेळ रोज वीस मिनिटं करते, पण मला आवडतो तो आमचा घरचा. स्वयंपाक करताना एक मिनिट भाज्यांची नावं, एक मराठीत, लगेच दुसरी कन्नडात. वांगी, बेंडीकाई (भेंडी), दोडका, सौतीकाई (काकडी). दोन भाषांत उड्या मारायला डोक्याला जोर लागतो, आपल्याकडच्या बायकांना हे फुकटात मिळालंय, वापरा की. केमोच्या दुसऱ्या तिसऱ्या दिवशी मात्र काही करत नाही, नुसती पडून राहते, जबरदस्ती केली की जास्तच गोंधळ होतो. मापं आता डोक्यात ठेवतच नाही, टेप हातात असतानाच वहीत.

परवा बेळगावहून येताना बसमधे लेकीने नवीनच काढलं, म्हणाली, खिडकीबाहेर न बघता घरापर्यंतची गावं सांग. मी डोळे मिटले. उद्यमबाग, पिरनवाडी, मग बराच वेळ काही नाही, मग प्रभुनगर, गणेबैल, खानापूर. मी एकदम खूश.

"मच्छे राहिलं की गं आई," ती म्हणाली. "परत सांग बघू."

मी परत उद्यमबागपासून सुरू केलं.